माझ्या दम्याचा सुभेदारी बंदोबस्त

दमा मला आठव्या वर्षापासून आहे, आणि दम्यावरचे उपाय सांगणारी माणसंही मला तेव्हापासूनच आहेत. दमा तरी अधूनमधून रजेवर जातो, ही माणसं जात नाहीत. लग्न होऊन दिल्लीला आले तेव्हा वाटलं होतं, परक्या गावात कोण कशाला आपल्या छातीत डोकावतंय. कसलं काय. इथे सरोजिनी नगरच्या सिग्नलला रिक्षावालासुद्धा माझा खोकला ऐकून मागे वळतो आणि म्हणतो, “मॅडम, मुलेठी चूसा करो,” म्हणजे ज्येष्ठमध चघळा. ऑफिसातला शिपाई म्हणतो, सरसों का तेल गरम करा, त्यात सेंधा नमक घाला आणि छातीला चोळा. शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या मते बकरीचं दूध. एवढं सगळं सांगून झालं की शेवटचं वाक्य मात्र प्रत्येकाचं एकच असतं: “बस, वो पंप मत लेना. आदत पड़ जाती है.”

आदत म्हणे. जशी काही मी पानाच्या टपरीमागे लपून पंप ओढते. सकाळी दोन फवारे, संध्याकाळी दोन. बरं वाटलं म्हणून बंद करायचा नाही, असं माझ्या छातीच्या डॉक्टरांनी पंधरा वर्षांपूर्वी बजावलं आणि मी तेवढं एक ऐकलं. बाकी कोणी ओवा दिला तर ओवा खाते, मध दिला तर चाटते. मध कुणाला नको असतो?

आमचं घर द्वारकेला, सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. घरात मी, नवरा, चौदा वर्षांची लेक आणि सासू-सासरे. सासरे, म्हणजे बाबा, मूळचे साताऱ्याकडच्या खेड्यातले. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं झाली. शेवटची नेमणूक दिल्ली कॅन्टोन्मेंटला होती, मुलाला इथेच नोकरी लागली, मग ते दोघंही इथेच राहिले. सैन्य सुटलं पण सैन्यातली हिंदी काही सुटली नाही, आणि गावची बोली तर त्याहून नाही. नवऱ्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. तो गुडगावला नोकरी करतो आणि घरात कसलंही भांडण झालं की “अच्छा” म्हणतो.

गेल्या वर्षी दसरा झाला, हवा पालटली आणि जेवताना मला खोकल्याची उबळ आली. चांगली पाच मिनिटं खोकले. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

“बास. आता ह्या दम्याचा बंदोबस्त मी करतो. एकदम नॅचरल.”

“आणि पंप?” मी कंबर कसूनच विचारलं.

“पंप राहू दे. ते तुझं हत्यार. हत्यार कोणी टाकतं व्हय? बाकीचा मोर्चा आपण सांभाळू.”

चौतीस वर्षांत माझ्या पंपावर न घसरलेला हा पहिला माणूस. मला भरून आलं, आणि त्या भरात मी हो म्हणून बसले. पुढे जे झालं त्याला मी स्वतः जबाबदार आहे.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर टाइमटेबल लागलं. बाबांनी सांगितलं आणि लेकीने जाड पेनाने लिहिलं, हिंदीत, कारण तिची मराठी ‘वाफारा’पाशीच अडली. साडेपाच: जलनेती. पाच पन्नास: भाप. सहा दहा: प्राणायाम. पावणेसात: काढ़ा. सात: सारे घर में गीला पोछा. रविवारी चादरी, अभ्रे, पडदे उकळत्या पाण्यात. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित करून: अगरबत्ती बंद.

अगरबत्तीवरून आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, बिनसलं. “देवाला काय सांगू मी?” त्या म्हणाल्या.

“सांग, सूनबाईला दमा हाय. देवाला कळतं.”

“आणि ठेचा? मिरच्या तव्यावर टाकल्या की धूर होणारच.”

ठेच्याचा प्रश्न मोठा होता, कारण तो बाबांनाच रोज लागतो. शेवटी असं ठरलं की मी ऑफिसला गेल्यावरच तवा चढवायचा. पण एकदा मला सुट्टी असताना बघितलं, की मिरच्या तव्यावर पडायच्या आधीच बाबा बाल्कनीत जाऊन दार लावून उभे राहिले होते. मला वाटलं, कबुतरं हाकलतायत.

बाबांचा एक नियम होता आणि तो त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला. “आधी करून दाखवायचं, मग हुकूम द्यायचा. जवान तरच ऐकतो.” त्याप्रमाणे साडेपाचला ते बेसिनपाशी उभे राहिले, मान वाकडी केली आणि तोटीच्या लोटीतलं मिठाचं पाणी एका नाकपुडीतून ओतून दुसरीतून काढलं. अगदी सहज, चहा गाळावा तसं. मग मी केलं. माझं पाणी तोंडातून आलं, डोळ्यांतून आलं, आणि माझी खात्री आहे की थोडं कानातूनही आलं. लेकीने त्याचा व्हिडिओ काढला आणि तो अजूनही ती मला देत नाही.

वाफेचंही तसंच. बाबा आधी दाखवायला बसले. डोक्यावरून टॉवेल, खाली पातेलं, त्यात ओवा. माझ्यासाठी दहा मिनिटं ठरली होती आणि दाखवायला त्यांना वीस लागली. माझी पाळी आली तेव्हा पाणी कोमट झालेलं. मी म्हटलं, परत गरम करते. तर म्हणाले, “न्हाय. सहा दहा झाले. प्राणायाम.” मी आपला कोमट पाण्यावर दोन मिनिटं चेहरा धरला आणि गेले.

काढ्यात अडुळशाची पानं. नर्सरीतला माळी त्याला बांसा म्हणतो, त्याच्याकडून बाबांनी दोन कुंड्याच आणल्या. शिवाय ज्येष्ठमध, तुळस, दालचिनी, मिरी. गूळ घालायचा नाही, का तर गुळाने औषध लाडावतं. तो काढा इतका कडू असायचा की पहिल्या घोटाला माझे दोन्ही डोळे आपोआप मिटायचे. पण तक्रार करणार कशी? मला देण्याआधी तो बरोबर उतरलाय का हे तपासायला बाबा स्वतः दीड पेला प्यायचे. मला तळाचा अर्धा. ओव्याच्या तर रोज दोन पुरचुंड्या व्हायच्या, तव्यावर शेकून फडक्यात बांधलेल्या, छाती शेकायला आणि हुंगायला. त्यातली एक रोज गायब व्हायची. ती मला बाबांच्या उशीखाली सापडली. “गरम किती टाइम राहते, ते बघत होतो,” ते म्हणाले.

सरसोंचं तेलही सुरू झालं होतं. मी मेट्रोत बसले की लोणच्याची बरणी उघडल्यासारखा वास सुटायचा. ऐन गर्दीच्या वेळी, ब्लू लाइनवर, माझ्या शेजारची सीट राजीव चौकापर्यंत रिकामी. हा त्या तेलाचा मला झालेला एकमेव फायदा.

सगळं असं दहा-बारा दिवस चाललं होतं. मग एका रविवारी सकाळी प्राणायामाला आम्ही दोघं सतरंजीवर बसलो होतो, आणि बाबा म्हणाले, “आता श्वास रोखायचा. वीस आकडे. डोळे बंद.”

मी रोखला. सात, आठ, नऊ. आणि मला शिट्टी ऐकू आली. बारीक, सूं करत निघणारी, शेवटी जराशी वर चढणारी. ही शिट्टी मी आठव्या वर्षापासून ओळखते. मनात म्हटलं, झालं, आली सकाळीसकाळी. मग लक्षात आलं की मी तर श्वास रोखलाय. रोखलेला श्वास वाजत नाही. मी एक डोळा उघडला. बाबा ताठ बसले होते, डोळे मिटलेले, ओठ किंचित उघडे, आणि वीस आकडे होईपर्यंत त्यांनी चोरून चार श्वास घेतले. शिट्टी त्यांच्या छातीतली होती.

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे नीट बघायला लागले आणि माझी मलाच लाज वाटली. घरात दम्याची एवढी मोठी जाणकार मी, आणि माझ्या नाकासमोर हे चाललं होतं. बाबा लिफ्ट वापरत नाहीत, जवान माणूस लिफ्टने जात नाही म्हणून. पण प्रत्येक मजल्यावर थांबतात. एका ठिकाणी आग विझवायच्या सिलिंडरवरची तारीख वाचतात, दुसऱ्या ठिकाणी नोटिसबोर्ड. मला वाटायचं, काय ही शिस्त. ते तुटक बोलतात. मला वाटायचं, लष्करी बाणा. तो बाणा नव्हता, लांब वाक्याला त्यांना श्वास पुरत नव्हता. आणि माझ्यासाठी म्हणून काढलेला प्रत्येक उपाय आधी त्यांच्या पोटात आणि छातीत जात होता, मला उरलासुरला.

दुपारी आई मेथी निवडत होत्या. मी शेजारी बसले आणि हळूच म्हटलं, “आई, बाबांना दमा आहे.”

आईंनी मान वर केली नाही. “आहे की. तू या घरात यायच्या आधीपासून आहे.”

“तुम्हाला माहीत आहे?”

“मला आहे. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. सांगू नकोस हो.” त्यांनी काड्या बाजूला केल्या. “त्यांना आडवं झोपता येत नाही, उशा जास्त लागतात. मागायचे नाहीत. मग मीच म्हणते, माझी मान दुखते, चार उशा आणून ठेवा. आणि मग म्हणते, मला नको झाल्या, घ्या तुम्ही.”

“अहो, पण डॉक्टरकडे का नाही नेलंत?”

“आले असते तर नेलं नसतं का? सैन्यात एवढी वर्षं काढली, एकदाही आजारी म्हणून नाव दिलं नाही. ते आता देतील?”

मला रागच आला, दोघांचाही. इतकी वर्षं एक माणूस दमा लपवतोय आणि दुसरं माणूस तो लपलेला आहे असं दाखवतंय. पण रागापेक्षा भीती जास्त होती. दिवाळी तोंडावर आली होती. दिवाळीनंतरच्या दिल्लीच्या हवेत धडधाकट माणसं खोकतात, मग औषधाचा थेंब न घेतलेल्या सत्तरीच्या छातीचं काय होणार, हे मला नक्की ठाऊक होतं. वाफेने मोकळं वाटतं, काढ्याने घसा बरा वाटतो, प्राणायामाने श्वासाची घाई कमी होते. हे सगळं खरं आहे. पण आतली सूज ओव्याने उतरत नाही. उतरत असती तर मी कधीच बरी झाले असते, मी पोत्याने ओवा खाल्लाय. हवा बिघडण्याआधी बाबांना डॉक्टरसमोर बसवायचं, एवढं एकच मी डोक्यात घेतलं.

पहिला प्रयत्न म्हणून मी माझा जादा पंप त्यांच्या टेबलावर विसरले. संध्याकाळी तो माझ्या हातात परत आला. “हत्यार असं उघड्यावर टाकू नये,” बाबा म्हणाले. दुसरा प्रयत्न नवऱ्याचा.

“बाबा, एकदा फुल बॉडी चेकअप करू या का?”

“कुणाचं?”

“तुमचं.”

“का? मला काय झालंय?”

“अच्छा,” नवरा म्हणाला आणि परत आला.

मग सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठांसाठी तपासणी शिबिर लागलं. मला वाटलं, देवच पावला. बाबा रांगेत पहिले. वजन दिलं, बीपी दिलं, साखर दिली, डोळे तपासायच्या तक्त्यावरची शेवटची ओळही वाचून दाखवली. मग तिथल्या तरुण डॉक्टरने छातीला नळी लावली आणि म्हणाला, “लंबी सांस लीजिए.” बाबांनी अर्धाच श्वास घेतला आणि विचारलं, “डॉक्टर साहब, गाँव कौन सा?” तो बिचारा सुखावला. नळी कानात तशीच आणि तो गाव, तालुका, आजोबांची आंब्याची बाग असं सगळं सांगत बसला. कागदावर ‘फिट’ असं लिहून मिळालं. बाबांनी तो कागद लॅमिनेट करून आणला आणि फ्रिजवर टाइमटेबलाच्या शेजारी लावला. सकाळी दूध काढताना तो ‘फिट’ वाचून माझं डोकं फिरायचं.

दिवाळी झाली आणि व्हायचं तेच झालं. समोरची बिल्डिंग दिसेनाशी झाली, शाळा ऑनलाइन होऊन घरी आली, लेक मास्क लावून गच्चीतले कपडे काढायला लागली. टाइमटेबलात संध्याकाळची दुसरी वाफ वाढली. “तुला गरज हाय,” बाबा म्हणाले आणि अर्धा तास करून दाखवत बसले. सकाळचं फिरणं त्यांनी बंद केलं, ते माझ्या तब्येतीला मानवणार नाही म्हणून. मी फिरायला कधी जातच नव्हते.

एका सकाळी ऑफिसला निघाले. लिफ्ट लवकर येईना, म्हणून जिन्याने उतरायला लागले. दुसऱ्या मजल्यापाशी बाबा पायरीवर बसले होते. बाजूला दुधाच्या दोन पिशव्या, आणि ते पुढे वाकलेले.

“बाबा, काय झालं?”

“लेस. बांधतोय.”

त्यांच्या पायात चप्पल होती.

मी खाली बसून चेहरा बघितला. ओठ राखाडी पडले होते. प्रत्येक श्वासाला खांदे कानापर्यंत चढत होते आणि गळ्याखालचा खड्डा आत ओढला जात होता. मी पर्समधून पंप काढला. त्यांनी माझा हात बाजूला सारला.

“ते. तुझं. हाय.”

एका श्वासाला एक शब्द. मग मला सुचेल ते केलं. त्यांचे कोपर त्यांच्याच गुडघ्यांवर टेकवले आणि म्हटलं, “ओठांचा चंबू करा. फुंकर मारा, हळू. समई न विझवता.” हे महिनाभर त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांच्याच टाइमटेबलातलं होतं म्हणून असेल, त्यांनी ऐकलं. आम्ही दोघं शेजारी बसून भिंतीवर फुंकर मारत राहिलो. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ उतरताना थबकले. “सब ठीक?”

बाबांनी मान वर केली. “बहू की. तबीयत. जरा ढीली है. मैं बैठा हूँ.”

मी मान डोलावली. काय करणार? गृहस्थ मला मुलेठीचं सांगून गेले.

पंधरा मिनिटांनी रंग परतला. त्यांना घरात बसवलं, बाथरूममध्ये जाऊन माझ्या छातीच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आजच्या आज आण, आणि वाटेत पुन्हा असं झालं तर विचारत बसू नको, सरळ इमर्जन्सीत ने. आता आणायचं कसं? मी बाहेर आले आणि सोफ्यावर बसले.

“बाबा, मला डॉक्टरकडे जावं लागेल. एकटीला नाही जमायचं. तुम्ही येता?”

ते उठले. मगाशी ज्याला बोलता येत नव्हतं तो माणूस दहा मिनिटांत इस्त्रीचा शर्ट, मफलर आणि पॉलिश केलेले बूट घालून दारात उभा होता, हातात माझी फाइल, कागद तारखेप्रमाणे लावलेली. आई दारापर्यंत आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सांभाळून जा. स्वतःची काळजी घे,” आणि हात मात्र बाबांच्या बाहीवर ठेवला होता. ह्या वेळी आम्ही लिफ्टने उतरलो. “तुला जिना झेपायचा न्हाय,” ते म्हणाले.

डॉक्टर म्हणजे साठीच्या एक पंजाबी बाई. हसू दाबण्यात मुरलेल्या. त्यांनी आधी बाबांनाच विचारलं, घरी काय काय करता? बाबांनी उभं राहून रिपोर्ट दिला, नेतीपासून तेलापर्यंत.

“बहुत बढ़िया,” त्या म्हणाल्या. “श्वासाचे व्यायाम चालू ठेवा. ओला पोछा, उकळलेल्या चादरी, अगरबत्ती बंद, हे तर मी हिला पंधरा वर्षं सांगतेय. नेतीचं पाणी मात्र उकळून गार केलेलंच घ्या. वाफ घेताना भाजणार नाही असं बघा. फक्त हे सगळं पंपाच्या सोबत. पंपाच्या जागी नाही.”

“बिल्कुल,” बाबा म्हणाले. “मैं भी यही बोलता हूँ. हथियार नहीं छोड़ना.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

मग शेजारच्या खोलीत फुंकायची तपासणी. नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी धरायची आणि छातीत असेल नसेल तेवढं एका दमात बाहेर फेकायचं. समोर पडद्यावर रेघ चढते. मशीनवरच्या बाईंचा आवाज खणखणीत. “फूंको, फूंको, फूंको, और, और, और.” मी ठरवून वाईट फुंकलं. एकदा मधेच हसले, एकदा ओठाच्या कोपऱ्यातून हवा सोडली. तिसऱ्यांदा त्या बाईंनी कपाळाला हात लावला. बाबांचा धीर त्याआधीच सुटला होता.

“हे काय फुंकणं झालं? इतकं शिकवलं त्याचं काय केलंस? सरक बाजूला. बघ.”

ते खुर्चीत बसले. चिमटा लावला, नळी धरली, आणि फुंकलं. जीव खाऊन फुंकलं, मानेच्या शिरा वर आल्या. पडद्यावरची रेघ जराशी चढली आणि आडवी पडली. माझी रेघ मुद्दाम वाईट फुंकूनही त्यांच्यापेक्षा वर गेली होती. त्यांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्या वेळी खोकल्याने ते पुढे वाकले, आणि मशीनवरच्या बाईंचा आवाज एकदम खाली आला. “बस, अंकलजी. हो गया.”

ज्या माणसाचा जन्म नकाशे वाचण्यात गेला त्याला रेघ वाचायला काय लागतं? बाबा पडद्याकडे बघत राहिले. डॉक्टर आत येऊन उभ्या राहिल्या तसे ते उठले, टाचा जुळवल्या, हात पँटच्या शिवणीला लावले.

“मॅडम, ये रिपोर्ट किधर जाएगी?”

“आपके घर. आपकी फाइल में.”

“युनिट को?”

निवृत्तीला वीस वर्षं झाली होती. डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, “नहीं, सूबेदार साहब. कहीं नहीं जाएगी.”

मग ते बसले. बोलले ते माझ्याशी, आणि मराठीत. “त्या टायमाला मेडिकल कॅटेगरी खाली आली असती. मग बढती न्हाय. लवकर घरी. गावात दोन बहिणी लग्नाच्या. तुझा नवरा शाळेत.”

“मग काय केलंत?”

“काय करणार. मेडिकलच्या आधी काळी कॉफी प्यायची, छाती जरा उघडते. वाफ घ्यायची. चढ आला की खाली बसायचं, बुटाची लेस बांधायची.” ते थांबले. “लय लेस बांधल्या, सूनबाई.”

मला रडूही येत होतं आणि त्यांचा रागही. मी फक्त त्यांचा मफलर सारखा केला.

डॉक्टरांनी प्लास्टिकच्या मोठ्या नळकांड्याला पंप लावला आणि एकेक करून चार फवारे त्यांना ओढायला लावले. मला वाटलं होतं, नाही म्हणतील. हुकूम डॉक्टरचा होता, त्यांनी तो पाळला. आता पंधरा मिनिटं बाहेर बसा, मग पुन्हा फुंकायचं, असं सांगून आम्हाला बाकावर पाठवलं. बाबा हातात घड्याळ धरून बसले. पाच मिनिटं काही नाही. मग त्यांचे खांदे उतरायला लागले, बोटभर, मग आणखी बोटभर. मी कान दिला. शिट्टी विरत विरत गेली. त्यांनी एक श्वास घेतला आणि दचकले, जिना संपलाय हे न कळता पुढची पायरी चढायला पाय उचलावा तसे. मग घाबरत, जपून, दुसरा घेतला.

“सूनबाई.”

“काय, बाबा?”

“सगळ्यास्नी एवढा येतो व्हय?”

मला पटकन कळलंच नाही. “काय येतो?”

“श्वास.”

रिक्षावाल्यापासून शिपायापर्यंत प्रत्येकाला माझ्याकडे चौतीस वर्षं उत्तर तयार असायचं. “हो, बाबा,” एवढंच मी म्हणू शकले. “सगळ्यांना.”

त्यांनी मान हलवली. आतून हाक आली, “अंकलजी, आइए.” उभ्या आयुष्यात हाकेला एक मिनिट उशीर न केलेला माणूस जागचा हलला नाही. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“थांब म्हणावं जरा,” ते म्हणाले. “अजून दोन-चार घेऊन येतो.”